राणीच्या पायाशी

मुंबई, १२ जानेवारी २०२५

आये,

हे पत्र वैनी तुला वाचून दाखवेल. म्हणून आधी तिलाच सांगते. वैनी, सगळं वाच, पण जिथं ‘फक्त वैनीसाठी’ असं लिहिलंय तिथं मनातल्या मनात वाच. रामनगरच्या मराठी शाळेत धडे म्हणून म्हणून तुझा आवाज असा झालाय की तू अंगणात वाचलंस तर अख्ख्या गुंदला ऐकू जातं.

गुंदात फोन लागत नाही म्हणून लिहितेय, असं सुरुवातीला लिहिलं होतं. खोडलं. दादानं दोनदा तुला रामनगरला नेऊन फोन हातात दिला आणि दोन्ही वेळा तू काही न बोलता तो त्याला परत दिलास. मी इकडून ‘आये, आये’ करत होते. पाठीमागं ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते, तू नाही.

तर ऐक. तुझं आणि राणीचं ते चित्र मासिकाच्या पहिल्या पानावर टाकायचं मी ठरवलेलं नाही. आमच्या मासिकात पंधरा-वीस माणसं आहेत, वर केशर मॅडम संपादक. त्यांचा शब्द शेवटचा. मी डिझाइनवाली. फोटो कुठं बसवायचा, अक्षरं केवढी करायची, एवढंच माझ्या हातात. अंक होता राजघराण्यांवर. राणी सुनयनाराजेंना रेशीम, मोती नको होते. त्यांना साधं, जंगलातलं काहीतरी हवं होतं. तेव्हा मी म्हणाले की आमच्या भागात कुणबी बाया लुगडं नेसतात, खांद्यावर गाठ मारून. मग नोव्हेंबरात सगळी गुंदला आली. गाठ मला जमत नाही हे तुला ठाऊकच आहे. माझी गाठ पाच मिनिटांत सुटते. म्हणून कापणी अर्ध्यावर टाकायला लावून तुला बोलावलं.

आता लोक तुझं नाव घेऊन म्हणतात, पुतळीनं राणीपुढं मान तुकवली. अगं, कुणाला काय कळतंय! सुनयनाराजे फणसाखाली उभ्या आहेत, तू खाली वाकून त्यांच्या निऱ्या बसवतेयस. चित्रात तुझी पाठ आणि हात दिसतात, निऱ्या दिसत नाहीत, म्हणून तो मुजरा वाटतो. मला कळायच्या आत छापून झालं.

लोकांना सांग की काम करत होतीस. दादालाही सांगायला सांग.

तुझी,
मयूरी


मुंबई, २७ जानेवारी २०२५

आये,

उत्तर नाही. येईल असं वाटत होतं, असंही नाही.

काल दादाशी बोलले. जोयड्याच्या कंदमेळ्याचं त्यानं सांगितलं. दरवर्षी तू टोपली घेऊन बसतेस, कणगं, सुरण, अळकुड्या, आणि शहरातली माणसं आली की कुठला कंद कसा उकडायचा, कुठला घशाला खाजतो, हे सांगत दिवसभर बडबडतेस. एवढी बडबड तू घरात वर्षभरात करत नाहीस. ह्या वेळी कुणीतरी फोनवर ते मुखपृष्ठ काढून तुझ्या तोंडासमोर धरलं आणि म्हणालं, “काय मावशी, राणीची दासी तूच न्हवं?” तू टोपली उचललीस आणि मिळाली त्या बसनं घरी आलीस. एक कंद विकला नाहीस, कुणाला एक शब्द सांगितला नाहीस. दादा म्हणाला, “मयू, ती रडली असती तर बरं झालं असतं बघ.”

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी ठरवलं नाही. ते अर्धंच खरं होतं. अर्धं सांगायची सवय झालीय मला.

फोटो होते अकराशेच्या वर. त्यातले सहा निवडून केशर मॅडमसमोर मांडायचं काम माझं. त्या सहांत तुझा तो फोटो मी ठेवला. आणि मॅडमनी बोट ठेवलं होतं ते दुसऱ्याच फोटोवर. सुनयनाराजे एकट्या, मागे जंगल. छान होता. तेव्हा मीच तोंड उघडलं. म्हटलं, “ह्यात खालचा डावा कोपरा रिकामा पडतो.”

हे कुठून शिकले ते सांगते. गेली तीन वर्षं मी राजघराण्यांची जुनी मुखपृष्ठं जमवतेय. ऑफिसात माझा तो नाद प्रसिद्ध आहे. अगदी जुन्या अंकांवर राणी रंगवलेली असायची, बाजूनं, नाण्यावर असते तशी. मग फोटो आले. शिफॉनची साडी, डोक्यावरून पदर, मोत्यांचे सर. हसू नाही. कॅमेऱ्यात बघून हसायचं ते नटीनं. राणी बसली तर खुर्चीच्या काठावर, पाठ न टेकता. पुढे महालांचे जिने आले, घोडे आले. आणि आता गेल्या काही वर्षांत राण्या साध्या झाल्यात. अनवाणी, शेतात, चुलीपाशी. जितकी साधी तितकी मोठी, अशी सध्या पद्धत आहे. पण साधी झाली तरी दोन गोष्टी सुटत नाहीत. एक म्हणजे मासिकाचं नाव तिच्या डोक्याच्या मागून जातं, तिच्या केसांवर अक्षर पडू देत नाहीत. आणि दुसरं, पायाशी काहीतरी लागतं. शिकारी कुत्रा, वाघाचं कातडं, पंखा घेतलेली बाई. पायाशी काही लहान असल्याशिवाय वरचं माणूस मोठं दिसत नाही. नव्या मुली आल्या की मी त्यांना हे शिकवते, आणि त्या वहीत लिहून घेतात.

ह्या वेळी त्या जागी मी तुला ठेवलं, आये.

अजून एक. तुझ्या मनगटावरचं गोंदण त्या फोटोत स्पष्ट आलं होतं. ते मी पुसलं. संगणकावर दोन मिनिटांचं काम. मॅडमनी सांगितलं नव्हतं. बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं, असं मी स्वतःलाच म्हटलं. आणि आतल्या पानावर तुझं नाव टाकायच्या जागी ‘स्थानिक मदतनीस’ असं लिहिलं. ते अक्षरही माझंच.

फक्त वैनीसाठी: वैनी, ह्या मुखपृष्ठामुळे मला बढती मिळालीय. पेढे वाटले ऑफिसात. मी पण खाल्ले, दोन. हे आयेला कळू देऊ नकोस गं, तुझ्या पाया पडते.

मयूरी


मुंबई, १० फेब्रुवारी २०२५

आये,

आज जे लिहायचंय ते चार वेळा लिहून फाडलं. पाचव्यांदा लिहितेय, आता फाडणार नाही. कचऱ्याची टोपली पण भरलीय मेली.

वैनी, हे पत्र आधी एकटीच वाच आणि मग ठरव. नाही, असं नको. तू ठरवू नकोस. वाचच.

ऑफिसात मी मयूरी वेळीप नाही. मयूरी व्ही. आहे. पहिल्या महिन्यात कुणीतरी विचारलं, घर कुठं? मी म्हटलं, बेळगावच्या पलीकडे, जंगलात. ‘वॉव, जंगलात घर?’ मी म्हटलं, हो, आजूबाजूला सगळं जंगलच. त्यांना वाटलं, जंगल आमचं. मी काही बोलले नाही. मग कुणीतरी म्हणालं, म्हणजे जहागीरदार वगैरे का तुम्ही? मी नुसती हसले. खोटं बोलले नव्हते ना अजून, मग मला लाज पण नव्हती.

पण न बोलता किती दिवस चालणार? तिथं प्रत्येकीच्या आजीचा एक बंगला, एक नेकलेस, एक गोष्ट. एका जेवणाच्या सुट्टीत मीही गोष्ट सांगितली. म्हटलं, आजोबांच्या वेळी बारा गावं होती, मग कायदे आले आणि गेली. बारा गावं! आमचे आजोबा फॉरेस्टवाल्यांना चुकवून कोयता घेऊन फिरायचे. मी इनामदारांची नात झाले, आये. म्हणून तर राजघराण्यांच्या अंकाचं काम माझ्याकडे आलं. केशर मॅडम म्हणाल्या, “हिला आतून कळतं.”

आता नोव्हेंबरातला तो दिवस. गाडी तुझ्या अंगणात थांबली तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं की हे आमची जमीन कसणाऱ्या जुन्या कुळाचं घर आहे. तू दारात आलीस. माझ्याकडे बघून ‘आलीस व्हय गं’ एवढंच म्हणालीस आणि मी तुझ्या पाया पडले नाही. हात जोडले, लांबून. तू एकदा माझ्याकडे बघितलंस आणि पाणी आणायला आत गेलीस.

मग तू लुगडं नेसवलंस. पेटीतलं लाल चौकड्याचं, तुझ्या लग्नातलं. खांद्यावर गाठ मारलीस, मागे सरून बघितलंस, पुन्हा सोडून मारलीस. आणि नेसवून झाल्यावर सरळ आत गेलीस आणि सूप घेऊन आलीस. तांदूळ, नारळ, पानसुपारी. दुसऱ्याची लेक आपल्या घरात लुगडं नेसली तर ओटी भरल्याबिगर सोडायची नाही, हा तुझा नेम. वीस माणसं, दिवे, छत्र्या, पंखे, आणि तू मध्येच ओटी भरायला उभी. कुणीतरी हसलं. दिवेवाला ओरडला, “उजेड चाललाय!” पण सुनयनाराजे हसल्या नाहीत. त्यांनी पदर पसरला. तांदूळ घेताना त्यांचे डोळे भरले. त्यांना आई नाही, हे मला नंतर कळलं.

त्यांनी मला विचारलं, “हू इज शी? किती प्रेमानं करतायत.”

मी म्हणाले, “शी इज जस्ट अ लोकल वर्कर, मॅम.”

तुझ्यापासून दोन हात लांब उभी होते मी. इंग्रजीत बोलले म्हणून तुला कळलं नाही, ह्या एकाच गोष्टीवर मी इतके दिवस काढले. बरं झालं बाई, तिला इंग्रजी येत नाही, असं मला तेव्हा चक्क वाटलं होतं. त्यानंतर थोड्याच वेळानं तू निऱ्या बसवायला वाकलीस आणि तो फोटो निघाला.

माझी मला किळस येते. पुसलेलं गोंदण, ती बारा गावं, ते पेढे, सगळ्याची. पण सगळ्यात जास्त त्या ‘जस्ट’ची. तो शब्द मी उगाच घातला, कुणी मागितला नव्हता.

तुला राग मुजऱ्याचा आलाय. हे तुला ठाऊकच नव्हतं. आता ठाऊक झालं. अजूनही मला लेक म्हणशील का, एवढंच विचारायचं होतं. विचारायचं तोंड नाही तरी विचारते.

मयूरी


मुंबई, २ मार्च २०२५

आये,

सांगून टाकलं.

सोमवारी केशर मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं. म्हटलं, मॅडम, मुखपृष्ठावर डावीकडे जी बाई आहे ती माझी आई. बारा गावं वगैरे काही नव्हतं. माझे वडील जंगलखात्याच्या रोपांना पाणी घालायचे, आई अजून त्याच कामावर जाते. मला वाटलं होतं, आता ओरडतील, काढून टाकतील. खरं सांगू? काढून टाकावं असंच वाटत होतं, म्हणजे काहीतरी शिक्षा झाल्यासारखं झालं असतं.

मॅडम उठल्या आणि त्यांनी मला मिठी मारली! “मयूरी, व्हॉट अ स्टोरी!” म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी. मग लगेच कागद ओढला. पुढचं मुखपृष्ठ तुझं. तू खुर्चीवर, मोठ्या कोरीव खुर्चीवर, आणि सुनयनाराजे तुझ्या पायाशी. ‘खरी राणी.’ गाडी पाठवू, केस करणारी पाठवू, परत गुंदलाच जाऊ, त्याच फणसाखाली.

आता जे लिहिते ते लिहायला सगळ्यात जड जातंय. क्षणभर मला ते आवडलं. माझ्या डोळ्यांपुढे पान उभं राहिलं. नावाची अक्षरं तुझ्या अंबाड्यामागे कशी जातील, हेसुद्धा मी ठरवलं. सुनयनाराजेंचा हात कुठं ठेवायचा, तेसुद्धा. म्हणजे आता ती तुझ्या पायाशी. कोपरा भरलाच पाहिजे ना! माझ्या डोक्यात काय भरलंय गं आये, कुणी सांगेल का?

मी नाही म्हटलं. आई येणार नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, “तिला विचारलंस?” म्हटलं, नाही, आणि विचारणारही नाही. मला एक दुरुस्ती छापून हवीय, तेवढी द्या. मॅडमचा चेहरा उतरला. दुरुस्ती कोण वाचतं, म्हणाल्या. पण दिली. मार्चच्या अंकात, पान एकशे बारा, अत्तराच्या जाहिरातीखाली. बारीक अक्षर आहे, वैनीला चष्मा लागेल.

‘जानेवारी अंकाच्या मुखपृष्ठावर डावीकडे दिसणाऱ्या पुतळी वेळीप (गुंद, ता. जोयडा) या मुजरा करत नसून लुगड्याच्या निऱ्या बसवत आहेत. त्या आमच्या सहकारी मयूरी वेळीप यांच्या आई आहेत.’

मासिक इंग्रजी आहे, तुझ्यासाठी मराठीत मी लिहून काढलंय. ते पान सोबत ठेवलंय. दादाला सांग, जो कोणी ‘दासी’ म्हणेल त्याच्या हातात हे द्यायचं.

ऑफिसात आता सगळे माझ्याशी जपून बोलतात. एकीनं विचारलं, मग त्या आजोबांचं? मी म्हटलं, कोयता होता त्यांच्याकडे. ती हसली नाही. इतकी वर्षं बरोबर जेवतो आम्ही, आणि आता ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसते. तिचं काही चुकलं नाही.

सुट्टी मागितलीय. तू ये म्हटलंस तर येईन. नाही म्हटलंस तर तेही मला कळव, आये. गप्प नको बसूस.

तुझी लेक,
मयूरी वेळीप


गुंद, १७ मार्च २०२५

मयू,

मी वैनी लिहितेय. आधी माझं ऐक. ‘फक्त वैनीसाठी’ म्हणे! मी सगळं मोठ्यानं वाचलं, पेढ्यांसकट. आई समोर बसलेल्या, माझं तोंड बघत. मधले शब्द गाळले तर त्यांना लगेच कळतं. शिवी द्यायची असेल तर आल्यावर दे.

चौथ्या पत्रापर्यंत त्या काहीच बोलल्या नाहीत. ते छापलेलं पान मी वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, पुन्हा वाच. दुसऱ्यांदा वाचलं. मग म्हणाल्या, लिवून घे. आता पुढचं त्यांचं आहे. त्या बोलल्या तसंच लिहिलंय, माझं एक अक्षर घातलेलं नाही.

मयू,

ते बारीक अक्षरात छापलंस ते खोटं हाय. निऱ्या मी कवाच बसवल्या व्हत्या.

तू त्या पोरीला काय बोललीस ते मला तवाच कळलं. विंग्रजी येत न्हाई, खरं हाय. पर वर्कर म्हंजी काय ते मला कळत न्हाई व्हय? फॉरेस्टच्या कामावर जाऊन तीस वर्सं झाली. साहेब गाडीतनं उतरला की तेच म्हणतोय, वर्कर किती हायत, वर्करला बोलवा. तू माझ्याकडं बोट केलंस आन वर्कर म्हणालीस. मला मागनं कुणी सांगाय नको. कंद इकायला बसले तवा त्या माणसानं दासी म्हटलं, त्याचं मला एवढं न्हाई वाटलं. तो परका. मी उठून आले ते तुझा शबुद आठवला म्हून.

तर त्या दिवशी तू ते बोललीस, मग तो फोटोवाला म्हणाला, मावशी, जरा इकडं बगा. म्या मनात म्हटलं, आता आली का पंचाईत. तुझं नाक माझं हाय, कपाळ माझं हाय, लहानपणापास्न सगळी तेच म्हणत्यात. वर बगितलं आन कुणी वळखलं तर? तू एवढ्या माणसांत सांगून बसलीस की ही कोण न्हवं. तुला खोटी पाडू व्हय? म्हून मी खाली वाकले. चांगल्या बसलेल्या निऱ्या सोडल्या आन पुन्हा घालत बसले. तो दोनदा म्हणाला, वर बगा. म्या न्हाई बगितलं.

राग हाय. गेला म्हून सांगणार न्हाई. तू आलीस की समोर बसवून चार शिव्या घालीन, मग जेवाय वाढीन. शिमग्याची गडबड सरली, आता ये.

आन ते पान कुणाच्या हातात देऊ नको म्हून तुझ्या दादाला सांगितलंय. कुणी इचारलं तर मी सांगते म्हटलं. व्हय, वाकले व्हते, लेकीसाठी वाकले व्हते. राणी मधी उभी व्हती, तिचा काय संबंध.